शेरा : तीन गावे वसवणारी लेक

(मंडळाच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या वर्षी वर्धापनदिनाला प्रत्येक वक्तीने एकेका कर्तबगार स्त्रीची माहिती सांगावी, असे आपल्या कार्यकारिणीने ठरवले. माझ्याआधी जिजाबाई झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या. या थोर स्त्रियांची नावे शाळेतल्या पोरीही सांगतील. मी मात्र आज जिचे नाव घेणार आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकींनी कधी ऐकले नसेल. तिचे नाव आहे शेरा.

हसू नका. मास्तर वहीवर तांबड्या शाईने देतात, त्या शेऱ्याशी या नावाचा काही संबंध नाही. हे हिब्रू भाषेतले नाव आहे. मराठीत त्याला निराळा अर्थ आहे हा निव्वळ योगायोग. परंतु हा योगायोग मला फार आवडला. का, ते शेवटी सांगेन.

माझे शिक्षण मराठी सातवी. मी काही पंडिता नाही. आमच्या घरी पवित्र शास्त्र रोज वाचले जाते. त्यातून जे कळले, जाणत्या माणसांना विचारून जे समजले आणि वाचनालयातल्या पुस्तकांत जे सापडले, तेवढेच तुमच्यापुढे मांडते. कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम ही बाई कुठल्या ग्रंथात आली, ते सांगते. यहूदी लोकांचे जे धर्मग्रंथ आहेत, ते हिब्रू भाषेत लिहिलेले आहेत. आम्ही ख्रिस्ती लोक त्यांनाच जुना करार म्हणतो. यहूदी म्हणजे कोणी फार दूरचे लोक असे समजू नका. आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूला, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांना शनिवारतेली म्हणत. त्यांचेच हे ग्रंथ.

त्या ग्रंथांत ‘इतिहास’ नावाची दोन पुस्तके आहेत. पहिल्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या जुन्या चोपड्या असतात ना, तसा तो प्रकार. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. बायांची नावे क्वचित. वाचणारा माणूस कंटाळतो आणि ती पाने उलटून पुढे जातो. अशा त्या नावांच्या रानात, सातव्या अध्यायाच्या चोविसाव्या ओवीत, ही शेरा उभी आहे. एका ओवीपुरती. तिच्याआधी ती नाही, तिच्यानंतरही ती नाही.

त्या ओवीत मजकूर काय? तर इतकाच की, त्याची लेक शेरा हिने खालचे बेथ-होरोन, वरचे बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा अशी तीन गावे बांधली. बस्स. तिचे लग्न कोणाशी झाले ते लिहिलेले नाही. तिला मुले किती, ते नाही. ती दिसायला कशी होती, ते नाही. बाईबद्दल जे जे लोक आधी विचारतात, त्यातले एकही नाही. फक्त तिने काय केले, ते लिहिले आहे.

आता ही कोणाची लेक? यहूदी लोकांचा मूळपुरुष याकोब. त्याचा मुलगा योसेफ. योसेफाला दोन मुलगे, मनश्शे आणि एफ्राइम. या एफ्राइमच्या घरात ती झाली. कोणी म्हणतात ती एफ्राइमची सख्खी मुलगी, कोणी म्हणतात त्याच्या मुलाची मुलगी, म्हणजे नात. मूळ वाक्य दोन्ही तऱ्हांनी लागते. पण ती त्या घरची लेक, एवढे नक्की.

तिच्या आधीच्या तीन-चार ओव्या मी अनेकदा वाचल्या आहेत. एफ्राइमच्या मुलांनी गथ गावाकडे खाली उतरून तिथल्या लोकांची गुरे नेण्याचा प्रयत्न केला. गथवाल्यांनी त्यांना जिवे मारले. बाप एफ्राइम पुष्कळ दिवस शोक करीत बसला. भाऊबंद समाचाराला आले. पुढे त्याला आणखी एक मुलगा झाला. घरावर अरिष्ट आले होते, म्हणून त्याचे नाव बरीया ठेवले. आणि त्याच्या पुढचीच ओवी शेराची.

भगिनींनो, हा क्रम ध्यानात घ्या. कर्ते मुलगे गेले, बाप खचला, पाळण्यात एक तान्हे मूल, त्याच्या नावातसुद्धा दुःख. आणि त्यानंतर लगेच लेकीने गावे बांधली. यातून असेच झाले, तसेच झाले, असे ठामपणे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण घरावर संकट आल्यावर कंबर कोण बांधते, ते तुम्ही-आम्ही पाहिलेले आहे. ज्या वाटेने मुलगे खाली उतरले आणि परत आले नाहीत, त्या खालच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटेवरच तिने गावे बसवली, एवढे मात्र नकाशा पाहिल्यावर समजते.

ती जागा कशी आहे, ते सांगते, म्हणजे तिच्या कामाचे मोल कळेल.

आपल्याकडे जसे कोकण खाली आणि देश वर, मध्ये सह्याद्री, तसाच थोडाफार तो प्रदेश आहे. पश्चिमेला समुद्र आणि किनाऱ्याची सपाटी. पूर्वेला डोंगर, आणि त्या डोंगरावर यरुशलेम शहर. सपाटीवरून वर यायला ज्या मोजक्या वाटा, त्यांतली एक मोठी वाट बेथ-होरोनच्या चढणीची. आपल्या बोरघाटासारखी समजा, पण लहान. घाटाच्या माथ्यावर वरचे बेथ-होरोन आणि घाटाच्या पायथ्याकडे खालचे बेथ-होरोन. दोहोंत अंतर सुमारे तीन किलोमीटर आणि उंचीत फरक सुमारे २०० मीटर. यरुशलेमपासून वरचे गाव वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर.

म्हणजे तिने गाव निवडताना जागा कशी हेरली, ते पाहा. घाटाची दोन्ही तोंडे धरली. खालून शत्रू निघाला तर खालच्या गावाला दिसेल, वरून उतरला तर वरच्या गावाला दिसेल. आपल्याकडे घाटवाटेच्या माथ्यावर आणि तळाशी चौक्या असत, जकात तिथे घेत. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती व्यापार आणि लढाई दोन्ही.

ती वाट किती अरुंद होती, याची एक गंमत यहूदी लोकांच्या तालमूद या ग्रंथात आहे. बेथ-होरोनच्या चढणीवर दोन उंट समोरासमोर आले, तर काय करावे, असा तिथे प्रश्न काढला आहे. दोघेही एकदम पुढे घुसले तर दोघेही कड्यावरून खाली पडतील. एकामागून एक गेले तर दोघेही सुखरूप चढतील. म्हणून भरल्या उंटाला रिकाम्या उंटाने वाट द्यावी, असा न्याय तिथे सांगितला आहे. आपल्या बोळातून पाण्याचे हंडे घेऊन येणारीला आपण भिंतीला टेकून वाट देतो, तोच हा न्याय. नवरा-बायकोच्या, सासू-सुनेच्या भांडणातही हा न्याय उपयोगी पडेल असे मला वाटते.

गाव बांधायचे म्हणजे केवळ भिंती उभारायच्या नाहीत. त्या डोंगरात बारमाही नद्या नाहीत. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा सगळा कोरडा. म्हणून आपल्या गडांवर जशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी असतात, तशीच टाकी तिकडच्या गावांतही खोदत आणि आत चुन्याचा गिलावा देत. मग उतारावर दगडाचे बांध घालून शेताचे टप्पे करायचे, जैतुनाची आणि द्राक्षांची लागवड करायची, धान्याची पेवे करायची, माणसे आणून बसवायची आणि त्यांच्यात वाद झाले की मिटवायचे. एक गाव वसवणे हे एका संसारासारखे नसून शंभर संसारांसारखे काम आहे. तिने तीन वसवली.

काही लोक म्हणतात, बाईने गावे कशी बांधली असतील? ‘बांधली’ म्हणजे वंशाचे नाव बाईच्या नावाने सांगितले असेल. विद्वानांतही अशी चर्चा आहे. वंशावळीतली काही नावे माणसांची नसून कुळांची किंवा गावांची असतात, असे त्यांचे म्हणणे. शिवाय, एफ्राइमचा जन्म इजिप्त देशात झाल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, मग त्याच्या लेकीने कनान देशात गावे कशी बांधली, असाही प्रश्न ते विचारतात. विद्वानांचे वाद विद्वानांनी सोडवावेत. पण ‘बाईने कशी बांधली असतील’ या प्रश्नाला उत्तर माझ्याजवळ आहे. आत्ताच आपण ऐकले की अहिल्याबाईंनी घाट बांधले, देवळे बांधली, विहिरी बांधल्या. तेव्हा अहिल्याबाईंनी स्वतः टाकी-हातोडा घेऊन दगड घडवले, असे कोणी समजले का? आणि शलमोन राजाने यरुशलेमचे मंदिर बांधले असे त्याच ग्रंथांत आहे. त्याने स्वतः एक चिरा तरी उचलला असेल का? राजाने बांधले म्हटले की आपण मान डोलावतो. बाईने बांधले म्हटले की पुरावा मागतो.

त्या गावांचे पुढे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. चांगले बांधकाम कोणते? जे बांधणाऱ्याच्या मागे टिकते ते.

याच वंशावळीत शेराच्या खाली तीन ओव्यांनी यहोशवाचे नाव येते. हा इस्राएल लोकांचा मोठा सेनापती. त्याने पाच राजांचा पराभव केला, तेव्हा ते राजे याच बेथ-होरोनच्या घाटाने पळाले आणि उतारावर त्यांच्यावर गारांचा मारा झाला, अशी कथा यहोशवाच्या पुस्तकात आहे. सूर्य थांबला असे जिथे म्हटले आहे, तो हाच प्रसंग. सूर्य थांबलेला सर्वांना ठाऊक. घाट कोणाचा, ते कोणाला ठाऊक नाही.

पुढे इ.स.पू. दहाव्या शतकात शलमोन राजाने ही दोन्ही गावे पुन्हा मजबूत केली. तट, वेशी, अडसर घातले. त्याच शतकाच्या अखेरीस इजिप्तचा राजा शिशक याने त्या देशावर स्वारी केली आणि जिंकलेल्या गावांची यादी कर्नाक येथल्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवली. त्या यादीत बेथ-होरोनचे नाव आहे. इ.स.पू. १६६ च्या सुमारास यहूदा मक्काबी या वीराने सेरोन नावाच्या ग्रीक सरदाराचा पराभव याच चढणीवर केला. इ.स. ६६ साली रोमी सेनापती सेस्तियस गालुस यरुशलेमहून माघार घेत होता. त्याची फौज या घाटात सापडली. जोसेफस या इतिहासकाराने पाच हजार तीनशे पायदळ आणि तीनशे ऐंशी घोडेस्वार पडल्याचे लिहिले आहे. पार अलीकडे, १९१७ साली, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या आणि तुर्कांच्या फौजा याच गावांभोवती लढल्या.

आणि आज? आजही ती दोन गावे तिथे आहेत. जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी मुलखात, रामल्ला जिल्ह्यात. तिथे आता अरबी बोलणारे लोक राहतात. एका गावाचे नाव बैत ऊर अल-तहता आणि दुसऱ्याचे बैत ऊर अल-फौका. अरबीत तहता म्हणजे खालचे आणि फौका म्हणजे वरचे. खालचे बेथ-होरोन आणि वरचे बेथ-होरोन! राज्ये बदलली, भाषा बदलली, धर्म बदलले, पण ‘खालची वाडी, वरची वाडी’ अशी तिने मांडलेली जोडी तशीच राहिली. त्या मुलखाने पुष्कळ दुःख सोसले आहे आणि आजही सोसतो आहे. तिथल्या आयाबायांना सुखाचे दिवस यावेत, एवढीच प्रार्थना करते.

तिसरे गाव उज्जन-शेरा. हे तिच्याच नावाचे. त्याची जागा अजून निश्चित ठरलेली नाही. खालच्या गावाच्या पश्चिमेला बैत सिरा नावाचे खेडे आहे, तेच ते असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. ही कळल्यापासून मला चैन पडत नाही.

इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत इजिप्तमध्ये राहणाऱ्या यहूदी लोकांना हिब्रू नीट येईनासे झाले. म्हणून त्यांचे ग्रंथ ग्रीक भाषेत उतरवण्यात आले. ते भाषांतर फार प्रसिद्ध आहे. त्यात ही चोविसावी ओवी पाहिली तर शेरा नाही! काय झाले असेल? ‘शेरा’ या नावाशी अक्षरांनी मिळताजुळता हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ ‘उरलेले’. भाषांतर करणाऱ्याने ते बाईचे नाव न समजता ‘उरलेल्या लोकांमध्ये’ असा अर्थ लावला. ‘त्याची लेक’ हे शब्दही गेले. हिब्रूत क्रियापदालाच बाईचे रूप असते, त्यामुळे बांधणारी बाई होती हे लपत नाही. ग्रीक क्रियापदात तो भेद नाही. आपल्या मराठीतसुद्धा ‘बांधले’ म्हटल्यावर बाईने की बाप्याने, ते कळत नाही. ‘तिने’ म्हणावे लागते. तसे तिथे ‘तिने’ गेले, आणि वाचणाऱ्याने ‘त्याने’ धरले. एका शब्दाच्या चुकीने तीन गावे बांधणारी बाई ‘उरलेल्यां’त जमा झाली.

कोणी वैर धरून हे केले नाही. कोणी तिचे नाव खोडले नाही. नाव ओळखू आले नाही, एवढेच. भगिनींनो, बायांची नावे बहुतेक अशीच जातात. त्यांना कोणी पुसत नाही, त्यांना कोणी ओळखत नाही.

सुदैवाने हिब्रू ग्रंथात ती ओवी जशीच्या तशी राहिली. आपल्या मराठीत ती आली, त्यातही एका बाईचा हात आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साध्या बायकांना वाचता यावे, हा त्यांचा हेतू. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात तिथल्याच बायका-मुलींनी खिळे जुळवले. त्यातल्या कित्येकी दुष्काळातून आणलेल्या, कित्येकी विधवा. शेराच्या नावाचे खिळे जुळवणारी मुलगी कोण होती, हे आज कोण सांगणार?

नाव लिहून ठेवले तर काय होते, याचेही एक उदाहरण त्याच ग्रंथात आहे. एफ्राइमचा भाऊ मनश्शे. त्याच्या कुळात सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारल्यावर त्या पाचही जणी मोशेपुढे आणि सगळ्या पंचांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का बुडावे, आम्हाला वतन द्या. आणि त्यांना वतन मिळाले. कुळातच लग्न करावे अशी अट पुढे घातली गेली, तरी जमीन मिळाली. या पाचही बहिणींची नावे ग्रंथात एकदा नव्हे, चार-चार वेळा पुरी लिहिली आहेत. १९१० साली शमरोन या जुन्या राजधानीच्या जागी उत्खनन झाले. तिथे इ.स.पू. आठव्या शतकातली खापरे सापडली. कोणत्या भागातून किती तेल आले, किती द्राक्षारस आला, याच्या शाईने लिहिलेल्या नोंदी त्यांवर होत्या. त्या भागांच्या नावांत दोन नावे आहेत, नोआ आणि होग्ला. म्हणजे बहिणी गेल्या, पण सरकारी दप्तरात त्यांच्या नावाची जमीन चालू होती!

आणखी एक. यरुशलेमचा पडलेला तट इ.स.पू. ४४५ च्या सुमारास नहेम्याने पुन्हा बांधला. कोणी कोणता भाग बांधला, याची मोठी यादी आहे. त्यात शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनीही तट बांधला, असे लिहिले आहे. पण त्या मुलींची नावे नाहीत. ‘त्याच्या मुली’, इतकेच. नाव असले तर काय, आणि नसले तर काय, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते.

आता थोडे आपल्या घरचे बोलते. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात नव्या नवरी होत्या. सरकारी कामावर त्या खडी फोडायला आणि तलावाच्या भरावावर माती टाकायला जात. आपल्या शिवारातला पाझर तलाव त्या वेळचा. त्याच्या खालच्या विहिरींना आजही त्यामुळे पाणी असते. लोक त्याला बहात्तरचा तलाव म्हणतात. पाट्या वाहणाऱ्यांत निम्म्याअधिक बाया होत्या, असे सासूबाई सांगतात. त्यातली एकही ‘मी तलाव बांधला’ म्हणत नाही. सासूबाईंना मी एकदा तसे म्हटले तर त्या म्हणाल्या, “मी कशाला बांधतेय बाई, मी आपली मजुरीला गेले होते.” शेराच्या हाताखाली दगड वाहणाऱ्यांचीही नावे त्या ग्रंथात नाहीत, हे मी विसरत नाही.

आणि आता अगदी आपल्या मंडळाचे. या स्मरणिकेसाठी पहिल्या सभासदांची यादी करायची म्हणून आम्ही चौघी जुनी हजेरीवही घेऊन बसलो. वहीत नावे आहेत ती अशी : सौ. पाटील, सौ. जाधव, सौ. जाधव, पवारवहिनी, सौ. जाधव. तीन जाधव! त्यांतल्या एकीने पहिला शिवणवर्ग चालू केला, स्वतःचे मशीन डोक्यावर घेऊन इथे आणले आणि वर्षभर बिनफी शिकवले. त्या वर्गात शिकलेल्या निदान दहा जणी आज शिवणावर घर चालवतात. ती जाधव कोणती? एक वारल्या. एक सुरतेला लेकीकडे राहतात, त्यांना आता आठवत नाही. तिसऱ्या म्हणतात, मी नव्हे. ज्या शिकल्या त्या म्हणतात, “आम्ही त्यांना बाई म्हणायचो.” ‘सौ.’ हा मान आहे, त्याला माझे काही म्हणणे नाही. पण तो सगळ्याजणींचा मान आहे, एकीचे नाव नव्हे. ग्रीक भाषांतरात झाले तेच आपल्या वहीत झाले. शिवणवर्ग राहिला, बाई उरलेल्यांत गेली.

पंचवीस वर्षे म्हणजे काही अडीच हजार वर्षे नव्हेत. एवढ्यात जर ही गत, तर पुढे काय?

सरकारनेसुद्धा आता एक पाऊल टाकले आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरवला आहे. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर आपल्या सुनांची आणि लेकींची नावे येतील. आनंदाची गोष्ट आहे. पण दाखल्यावर नाव येते, काम येत नाही. काम आपणच लिहिले पाहिजे.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवते. आपल्या हजेरीवहीत अगदी उजवीकडे एक रकाना आहे. अनुक्रम, नाव, वर्गणी, सही, आणि शेवटी ‘शेरा’. पंचवीस वर्षे तो रकाना जवळजवळ कोराच आहे. फार तर ‘गैरहजर’ किंवा ‘वर्गणी बाकी’ एवढेच त्यात लिहिले आहे. आजपासून नवी वही घालू. नावाच्या जागी प्रत्येकीने स्वतःचे नाव लिहावे, आईने-बापाने ठेवलेले किंवा सासरी बदललेले, जे तिला आपले वाटते ते, आणि पुढे आडनाव. आणि शेऱ्याच्या रकान्यात तिने काय केले, ते एका ओळीत लिहावे. शिवण शिकवले. पाणीपट्टीच्या अर्जासाठी तालुक्याला सात खेपा घातल्या. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेले. पन्नास किलो पापड लाटून मंडळाच्या खोलीचे पत्रे आणले. यात फुशारकी नाही. जे खरे घडले तेवढेच लिहायचे. शेराबद्दल तरी याहून जास्त कुठे लिहिले आहे?

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आठवीतल्या दोन मुली वही घेऊन दाराशी बसल्या आहेत. आपण सांगावे, त्या लिहितील. माझ्या सासूबाई मागच्या रांगेत आहेत. त्यांची ओळ मी आधीच सांगून ठेवली आहे : बहात्तर साली तलाव बांधला. त्या नको म्हणाल्या तरी मुलींनी ती खोडू नये. आणि तिसऱ्या जाधवबाई अजूनही ‘मी नव्हे’ म्हणत असतील, तर त्यांच्याकडे शिकलेल्या मुलींनी आज त्यांना एकदा निरखून पाहावे. मला अजून त्यांचाच संशय आहे!

चहा तयार आहे, म्हणून जास्त वेळ घेत नाही. बाहेर जाताना वहीत नाव लिहायला विसरू नका. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!